माशीला पाकोळी लागली

मी वाईचा आणि मासे धरतो वाय नदीवर. हा विनोद इंग्लंडात कुणालाच कळत नाही, म्हणून इथे करून घेतो. ही वाय डर्बीशरमधली, बेकवेलच्या जुन्या पुलाखालून जाणारी. वेल्सकडची मोठी वाय वेगळी. चुनखडीच्या डोंगरातून येते त्यामुळे पाणी इतकं नितळ की पुलावर उभं राहून ट्राउट मोजावेत. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा, पण ब्रिटनमधल्या ज्या मोजक्या नद्यांत तो आपणहून वाढतो त्यांतली ही एक. म्हणजे तोही माझ्यासारखाच, बाहेरून येऊन स्थायिक झालेला.

लहानपणी कृष्णेवर गळ टाकायचो तो कणकेची गोळी लावून. इथल्या माझ्या पट्ट्यात ते बंद. माशी खोटीच हवी, तीही तरंगणारीच. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा. आणि मासा लागला की सोडून द्यायचा. "मग जातोस कशाला?" असं आई गेली सहा वर्षं विचारते आहे.

जूनमध्ये इथे साडेनऊला सूर्य मावळतो, तेव्हा वाईत रात्रीचे दोन वाजलेले असतात. दिवसभर ढिम्म पडलेली नदी दिवेलागणीला जागी होते. काठच्या झाडांतून कॅडिस नावाचे पतंगासारखे किडे अंडी घालायला पाण्यावर उतरतात, खालून ट्राउट वर येतात, आणि बघावं तिथे वलयं. हा खेळ फार तर तासभर.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी त्या तासातला बराचसा वेळ मी एकाच माशावर घालवला. पलीकडच्या काठाला, झुकलेल्या फांदीखाली तो होता. माझी माशी घरी बांधलेली: चौदा नंबरचा गळ, त्यावर करड्या दोऱ्याचं अंग आणि एल्क हरणाच्या केसांचे पंख. एका माशीला मला वीस मिनिटं लागतात, आणि त्यातली दहा केस एका लांबीचे करण्यात जातात. पठ्ठ्या दर वेळी वर यायचा, माशीखाली नाक लावून फूटभर मागे मागे वाहत जायचा आणि बुडी मारायचा. दोष माशीचा नव्हता. मधल्या धारेत दोरी ओढली जात होती, त्यामुळे माशी पाण्यावर बारीकशी रेघ मारत होती. खरा किडा अशी रेघ मारत वाहत नाही, हे माशाला माझ्याआधी कळतं.

ज्या शेजारच्या म्हातारबुवांनी मला हे सगळं शिकवलं, त्यांचा एक नियम आहे: पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, आल्या की दोरी हवेत कमी फिरवायची. मला मात्र दोरी फिरवायला आवडते. डोक्यावरून मागे, पुढे, मागे. त्या लयीत आपण फार कसबी आहोत असं वाटतं.

साडेदहाच्या सुमारास मागे गेलेली दोरी पुढे आलीच नाही. फांदीत अडकली म्हणून हिसका द्यायला वळलो, तर फांदी हलत होती. आणि तिथे फांदी नव्हतीच. दोरी सरळ आभाळात चढत होती आणि तिच्या टोकाला काहीतरी फडफडत गोल फिरत होतं.

कुठेतरी माशी शिंकते म्हणतात, ती अशी.

हळूहळू दोरी गुंडाळून घेतली. गवतात पडली ती पिपिस्ट्रेल, इथली सगळ्यात नेहमीची पाकोळी. पंख मिटले की काडेपेटीत मावेल, वजन चहाच्या चमचाभर साखरेएवढं, आणि राग मात्र वाघाचा. तोंड उघडून चरचर ओरडत होती. मी आधी गाडीतले जाड हातमोजे घेऊन आलो. इथल्या पाकोळ्यांत क्वचित रेबीजच्या कुळातला विषाणू निघतो, आणि 2002 मध्ये स्कॉटलंडात त्याने एक माणूस गेलाही होता. विजेरी दातात धरून बघितलं तर गळ पंखाच्या पडद्यात, दोन बोटांच्या मधोमध. होय, बोटंच. पंख म्हणजे लांबलचक बोटं आणि त्यांमध्ये ताणलेलं कातडं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं; विजेरीचा उजेड आरपार जात होता आणि आतली लाल शीर दिसत होती. ती मोजा कडाकडा चावत असताना गळ आला तसा सुळकन निघाला. उलटा काटा दाबलेला नसता तर पडदा फाटलाच असता. एवढंसं भोक भरून येतं म्हणतात. जमिनीवरून उडणं त्यांना जड जातं, म्हणून तिला झाडाच्या खोडावर टेकवलं. ती उलटी सरपटत हातभर वर चढली, थरथरली आणि गेली.

नंतर विचार केला तेव्हा उलगडा झाला. मासा माशी खालून बघतो. पाकोळी ती ऐकते: स्वतःच ओरडायचं आणि माशीवरून परत आलेला आवाज पकडायचा. मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडते तेव्हा माशी पापणी लवेपर्यंत हवेत थांबते. तेवढ्यात तिने साधलं. पाण्यात जी रेघ मला नडत होती, ती हवेत उमटतच नाही. माशाने तासभर नापसंत केलेली माझी कलाकुसर तिने एका झेपेत पास केली.

आईला सकाळी फोनवर सांगितलं.

"काय मिळालं काल?"

"पाकोळी."

"शी! डोक्यावरून अंघोळ केलीस ना?"

आजी तिन्हीसांजेला मेणवलीच्या घाटावरून आम्हाला डोक्यावर पदर नाहीतर टोपी घालून आणायची, पाकोळी केसांत अडकते म्हणून. आजी चुकली होती, पण थोडीच. केस हरणाचे होते.

त्यानंतर मी पाकोळ्यांचा आवाज माणसाला ऐकू येईल असा करणारं एक यंत्र घेतलं. बटण 45 किलोहर्ट्झवर ठेवून खिशात टाकायचं. पिपिस्ट्रेल आली की ओल्या फडक्याने फरशीवर फटके मारावेत तसं वाजतं. पाण्यापासून वीतभर उंचीवर उडणारी डॉबेंटनची पाकोळी कोरडं, टकटकटक वाजते. हिची मला जास्त धास्ती, कारण ती पाण्यावरचे किडे पायांनी उचलते आणि स्कॉटलंडातला तो विषाणू तिच्याच जातीतला. कुठलीही असो, किडा टप्प्यात आला की टकटक वेग घेत घेत शेवटी फर्रर्र होते. ते ऐकलं की मी काठी खाली घेतो आणि दोरी कुठे पडायची तिथे पडू देतो.

परवा तसंच झालं. खिशात फर्रर्र झालं, मी घाबरून काठी खाली घेतली, दोरीचा गुंता होऊन माशी माझ्या पायाशी पडली आणि त्या गुंत्यातून एका चांगल्या थोराड ट्राउटने ती अलगद उचलली. ढिली दोरी गोळा करेपर्यंत तो माशी थुंकून मोकळा.

म्हातारबुवा काठावर बसून बघत होते. म्हणाले, "आजवरची तुझी सगळ्यात चांगली फेक."