चिऱ्याच्या भिंती आणि कपाटातला राउटर

आमचं राजापूरजवळचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती दीड फूट जाड. फायबरचा राउटर ओटीवर आणि आईची खोली पार मागे, पडवीला लागून. भाचीचा व्हिडिओ कॉल आला की आई फोन घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, कारण त्याच्या पलीकडे रेंज नाहीच. तिचे गुडघे दुखतात. मला ते बघवत नव्हतं.

आधीच्या कनेक्शनचा एक राउटर कपाटात पडून होता. त्याला वायरलेस रिपीटर, म्हणजे ओटीवरचा सिग्नल हवेतूनच पकडून पुढे पाठवणारा, करता आलं असतं, पण तो एकाच रेडिओवर सिग्नल घेतो आणि त्यावरूनच पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. म्हणून तो मागे ठेवायचं ठरवून ओटीवरून तिथपर्यंत केबलच टाकली. वीस मीटर कॅट-५ई (नेटवर्कची साधी केबल), माळ्यावरून वाशांच्या कडेकडेने. भिंतीला भोक पाडावं लागलं नाही.

मग टाचणीने रीसेटचं बटण दहा सेकंद दाबलं, जुना राउटर फक्त लॅपटॉपला जोडला. दोन्ही राउटरचा पत्ता (घरच्या नेटवर्कमधला आयपी नंबर) 192.168.1.1 होता, म्हणून जुन्याचा 192.168.1.2 केला. ओटीवरचा राउटर फोन-लॅपटॉपना शेवटचा आकडा 100 पासून पुढे असलेले पत्ते वाटतो, त्यामुळे 2 कुणाला जाणार नव्हता. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवले, चॅनल मात्र वेगळे: ओटीवर 1, मागे 11.

तरी दोन दिवस त्रास झाला. आईच्या फोनवर रेंज पूर्ण, पण नेट कधी चाले, कधी नाही. केबल दोनदा बदलून पाहिली. शेवटी फोनमध्ये वायफायचा तपशील उघडला तर गेटवेपुढे, म्हणजे फोन नेटसाठी ज्याच्याकडे जातो त्या पत्त्यापुढे, 192.168.1.2 दिसलं! म्हणजे जुना राउटरही पत्ते वाटत होता आणि ज्याला त्याचा पत्ता मिळे, तो नेटसाठी त्याच्याकडेच जाई. त्याच्याकडे नेट कुठून असणार? त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करायचं राहून गेलं होतं. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. ते बंद केलं, फोनचं वायफाय बंद-चालू केलं आणि लगेच नेट सुरू झालं. आधी पत्ता बदलून मगच डीएचसीपी बंद करावं, नाहीतर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि सेटिंगचं पान उघडता उघडत नाही.

ओटीवरून आलेली केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्येच (घरातली उपकरणं जोडायच्या) लावायची. बाहेरून येणारं नेट जोडायच्या वॅन पोर्टवर मी इन्सुलेशन टेप चिकटवून टाकली आहे, झाडलोट करताना केबल निघाली तर कुणी चुकून तिथे खोचायला नको.

काल आई पलंगावर पाय पसरून पाऊण तास बोलत होती. आता पावसाआधी दोन्ही राउटरना छोटे यूपीएस घ्यायचे आहेत, कारण आमच्याकडे पहिल्या वळवालाच वीज जाते.