मुंढा, टक्स आणि उरेब पट्टी

घरी शिवायला लागले तेव्हा कात्रीपेक्षा शब्दांनीच जास्त घाम फोडला. आई म्हणते मुंढा, यूट्यूबवाली म्हणते आर्महोल, एकच की हो ते, बाही जोडायची जागा! ब्लाउजचं तर विचारूच नका, साध्याला छातीपाशी टक्स घालायचे, म्हणजे फिटिंगसाठी कापड दुमडून शिवायचं, कटोरीत पुढचा वाटीसारखा भाग वेगळा कापून जोडायचा, आणि प्रिन्सेस कटमध्ये टक्स दिसतच नाहीत कारण ते मुंढ्यापासून कमरेपर्यंत जाणाऱ्या उभ्या शिवणीतच जिरवलेले असतात. मला विचाराल तर नवशिक्यांनी प्रिन्सेसच शिवावा, कटोरी नीट बसवणं म्हणजे डोक्याला ताप.

उरेब पट्टी, म्हणजे तिरक्या कापडाची पट्टी, मात्र शिकाच. कापड ४५ अंशात तिरकं कापलं की ताणलं जातं, म्हणून गोल गळ्यावर चुण्या न पडता बसतं. मी पहिल्यांदा सरळ पट्टी लावली आणि गळा असा उभा राहिला की विचारू नका.

वरून खाली सरळ रुंद होत जाणारा ए-लाइन कुर्ता सोपा, अनारकलीच्या कळ्या (घेरासाठी जोडलेले निमुळते तुकडे) कापड खातात. खणाचा पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, म्हणून पुण्याच्या तुळशीबागेत खण किंवा अस्तर घ्यायला जाल तेव्हा आधी पन्ना विचारा, मग मीटर सांगा. आणि हो, कॉटनचं अस्तर धुऊनच कापा, आटतं मेलं!