तंबाखू नियंत्रणाचं दप्तर बघून आलो, त्याची हकीकत

३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन, झाला की आमच्याकडच्या पेपरात एक फोटो ठरलेला असतो. जिल्हा रुग्णालयासमोर बॅनर, बॅनरमागे नर्सिंगच्या पोरी, उजवा हात पुढे करून शपथ. मी सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालो. सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात उमर गेली, त्यामुळे असा फोटो बघितला की माझ्या डोक्यात पहिलं बॅनरचं व्हाउचर येतं. शपथ होऊन जाते. मग उरलेलं वर्षभर तंबाखू नियंत्रणाच्या कार्यक्रमावर सरकार नजर कशी ठेवतं, नेमकं काय मोजतं, हे एकदा बघायचं ठरवलं. जिल्हा मराठवाड्यातलाच आहे, नाव मुद्दाम घेत नाही.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला. आता तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली येतो, म्हणजे ६० टक्के पैसा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. जिल्ह्याला एक तंबाखू नियंत्रण कक्ष असतो. त्यात सल्लागार, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता, सगळे कंत्राटी. वर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकायच्या आधी घरबसल्या जे मिळतं ते वाचून घ्यावं. राज्य आपला आराखडा केंद्राला पाठवतं, त्याला पीआयपी म्हणतात. त्यावर केंद्राची मंजुरी येते, तो कागद म्हणजे आरओपी. तो आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळावर असतो. पानं भरपूर, भाषा इंग्रजी, तक्त्यातली अक्षरं मुंगीएवढी. मी नातवाकडून मोठी करून घेतली. त्यातून राज्याला कशासाठी किती मंजूर झालं ते कळतं. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला काय आलं आणि कशावर गेलं, त्यासाठी मात्र जिल्ह्याच्याच दारात जावं लागतं.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्जात ‘का’ हा शब्द येऊ द्यायचा नाही. ‘कारवाई का झाली नाही’ असं विचारलं की ‘कारणमीमांसा देता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि विषय संपतो. कागदाचं नाव घेऊन मागायचं. मी मागितलं ते असं: मागच्या आर्थिक वर्षाचे मासिक अहवाल, समन्वय समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, कॅशबुक व व्हाउचर, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला), आणि समुपदेशन केंद्राचं रजिस्टर रुग्णांची नावं झाकून.

उत्तर आलं, पण अर्धं. पोलीस आणि शिक्षण विभागाशी संबंधित भाग कलम ६(३) खाली तिकडे हस्तांतरित केल्याचं पत्र, आणि बाकीच्याबद्दल ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही’. तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, ते केलं. सुनावणी त्याच इमारतीत, वरिष्ठ साहेबांच्या दालनात झाली.

“काका, एवढ्या झेरॉक्स काढून तुम्ही करणार काय?”

“झेरॉक्स नकोच साहेब. रजिस्टरं समोर ठेवा, मी बसून बघतो.”

साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कागद काढून देण्याचं काम वाचलं, एवढाच त्याचा अर्थ असावा. अवलोकनाचा आदेश निघाला. खरं तर त्यासाठी अर्जाशिवायही एक वाट आहे. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला मिळतो. पुढच्या फेऱ्या मी तशाच केल्या. परिपत्रकाची प्रत खिशात ठेवावी लागते. टेबलावरच्या बाबूनं ती उलटसुलट करून वाचली आणि विचारलं, “कामून हो सर, बातमी लावायची का?”

पहिल्यांदा पैसा बघितला. सवय जात नाही. आणि सांगायलाच हवं, हिशोबात मला खोट सापडली नाही. फ्लेक्स, प्रशिक्षणाचा चहा-नाश्ता, गाडीभाडं, पत्रकांची छपाई. पावत्यांना क्रमांक, कॅशबुकाशी मेळ. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलेलं. माझ्या नोकरीत याच्यापेक्षा शंभर पट वाईट दप्तरं मी ‘अ’ वर्गात गेलेली पाहिली आहेत. ज्यांना वाटतं की सरकारी कार्यक्रम म्हणजे पैसे खाल्लेच असणार, त्यांची इथं निराशा होईल.

माझी गाडी अडकली ती मासिक अहवालावर. प्रशिक्षणं किती, शाळांतले कार्यक्रम किती, चलन किती, दंड किती, समुपदेशन घेतलेले किती, असे रकाने. प्रत्येक रकाना भरलेला. प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो फाइलला. इतिवृत्तात तेच आकडे परत वाचून दाखवलेले, खाली ‘समाधान व्यक्त करण्यात आले’. तंबाखू सोडली किती जणांनी, हा रकाना कुठंच नाही.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. चलन फाडलं जातं ते कोटपा कायद्याच्या, म्हणजे २००३ च्या तंबाखू कायद्याच्या, कलम ४ खाली, दोनशे रुपयांपर्यंत. हे कलम सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचं आहे. आता २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्राचे आकडे बघा: प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. ओढणारे ३.८ टक्के, आणि धूर न काढणारी तंबाखू घेणारे २४.४ टक्के. काहीजण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जास्त भरते. म्हणजे आपल्याकडची तंबाखू गालात आणि ओठाखाली आहे, आणि बैठकीत कौतुक होतंय ते विडी-सिगारेटवाल्यांच्या चलनांचं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी, पण ती अन्नसुरक्षा कायद्याखाली. पकडलेल्या मालाची नोंद अन्न व औषध प्रशासनाकडे. थुंकण्याचा दंड आणखी तिसऱ्याच कायद्यात. या कक्षाच्या कागदावर ते काहीच उमटत नाही.

समुपदेशन केंद्रातल्या मॅडमशी बोललो तेव्हा जरा उजेड पडला. त्यांच्या सरकारी रजिस्टरात नवीन आलेला माणूस नोंदवतात. पण टेबलाच्या खणात त्यांची स्वतःची एक दोनशे पानी वही आहे. त्यात कोण परत आलं, कुणी सोडली, कुणी दिवाळीत परत धरली, हे बारीक अक्षरात लिहिलेलं. मी विचारलं, हे अहवालात का नाही? म्हणाल्या, “सर, कॉलमच नाही. वरून विचारत नाहीत, तर मी टाकू कुठं?”

त्यांच्या दोन अडचणी मला कुठल्याही इतिवृत्तात सापडल्या नसत्या. एक म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या पुढे माणसं टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मोबाइल नंबर बदलतात, आणि पाठपुरावा तुटतो तो पार गुढीपाडव्यापर्यंत. दुसरी मिसरी. बाईला विचारलं, तंबाखू खाता का, तर ती सरळ नाही म्हणते, आणि तिच्या लेखी ते खरंच असतं. ती दात घासते. दिवसातून चारदा घासते ही गोष्ट वेगळी. मॅडम आता सगळ्या बायकांना आधी दात कशानं घासता तेच विचारतात. हा प्रश्न छापील नमुन्यात नाही.

जिल्ह्याचा स्वतःचा आकडा नाही असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीच्या, म्हणजे २०१९-२१ च्या, जिल्हावार पत्रकात पंधरा वर्षांवरील पुरुषांचं आणि स्त्रियांचं तंबाखूचं प्रमाण वेगवेगळं दिलेलं आहे. समितीच्या ज्या इतिवृत्तांवरून मी बोट फिरवलं, त्यात ते कुठं उद्धृत केलेलं दिसलं नाही.

जिल्हाधिकाऱ्यांना समितीचे अध्यक्ष म्हणून पत्र दिलं. तीन मागण्या: अहवालात पाठपुरावा आणि सोडलेल्यांचा रकाना, धूम्रपान व चघळण्याची तंबाखू यांच्या वेगळ्या नोंदी, आणि गुटखा जप्तीची माहिती त्याच बैठकीत. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असं उत्तर आलं. सल्लागार मला जिन्यात भेटले. चांगला पोरगा आहे, करार संपण्याची तारीख कायम डोक्यावर. म्हणाले, “सर, तुमचं पटतंय हो, पण नमुना वरून येतो. आम्हाला त्यात एक रेघसुद्धा मारता येत नाही.” मग तेच पत्र राज्य तंबाखू नियंत्रण कक्षाला टपालानं धाडलं.

कुणाला आपल्या जिल्ह्यात हे करायचं असेल तर आरोग्य, पोलीस, शिक्षण आणि अन्न-औषध, चौघांकडे पहिल्याच दिवशी वेगवेगळे अर्ज टाका. हस्तांतरणाच्या भरवशावर बसू नका. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, तंबाखू विकणाऱ्यांवर काय कारवाई झाली, हा माझा प्रश्न एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अजून फिरतोच आहे. मुदत संपत आलीय. अपिलासाठी वीस रुपयांचा स्टॅम्प आणून ठेवलाय.