शेल्फवरची किंमत वेगळी, बिल वेगळं: न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि डेलावेअरचा सेल्स टॅक्स

भारतातून अमेरिकेत नव्याने आलेल्यांचा गोंधळ पहिल्याच बिलापाशी होतो. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. इथे शेल्फवरच्या किमतीत सेल्स टॅक्स नसतो, तो काउंटरवर लागतो. हा कर केंद्राचा नाही, राज्याचा. बऱ्याच राज्यांत त्यावर काउंटीचा (जिल्ह्यासारखा विभाग) किंवा शहराचाही चढतो. त्यामुळे न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीतून हडसन नदी ओलांडून न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनला गेलात की हिशोबच बदलतो.

न्यू जर्सीत २०१८ पासून दर ६.६२५ टक्के आहे आणि सहसा त्यावर स्थानिक भर नसते. न्यू यॉर्क शहरात ८.८७५ टक्के: राज्याचे ४, शहराचे ४.५ आणि महानगर वाहतुकीसाठी ०.३७५.

पण नुसता दर पाहून भागत नाही, कशावर कर लागतो ते पाहा. तांदूळ, डाळ, पीठ, दूध, भाजी यांवर दोन्हीकडे कर नाही. पेपर टॉवेल आणि टॉयलेट पेपरवर न्यू जर्सीत नाही, न्यू यॉर्कमध्ये आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानातला फ्रोझन समोसा करमुक्त, तोच गरम करून दिला की तयार अन्न, म्हणजे ६.६२५ टक्के. न्यू यॉर्कमध्ये अख्खा बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) घरी नेला तर कर नाही, कापून किंवा चीज लावून घेतला तर आहे. चॉकलेटचंही तसंच. न्यू जर्सीच्या व्याख्येत पीठ असलेला पदार्थ ‘कँडी’ ठरत नाही, म्हणून किटकॅट सुटतं आणि साध्या चॉकलेट बारवर कर बसतो.

कपड्यांत सगळ्यात जास्त फसगत होते. न्यू जर्सीत रोजचे कपडे आणि चपला-बूट करमुक्त, किंमत कितीही असो; हँडबॅगवर मात्र कर. न्यू यॉर्क शहरात ११० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या नगावर कर नाही. ही मर्यादा एकूण बिलाला नाही, प्रत्येक नगाला आहे. ८० आणि ९० डॉलरचे दोन शर्ट एकत्र घेतले तरी दोन्ही सुटतात. पण ११५ डॉलरच्या जॅकेटवर कर वरच्या पाच डॉलरवर नाही, पूर्ण ११५ वर: १०.२१ डॉलर. शहराबाहेर बऱ्याच काउंट्या स्वस्त कपड्यांवरही आपला स्थानिक कर घेतात.

न्यू जर्सीतल्या नेवार्क, एलिझाबेथसारख्या ठिकाणी अर्बन एंटरप्राइझ झोनमधल्या (व्यापाराला चालना देण्यासाठी राज्याने ठरवलेला भाग) नोंदणीकृत दुकानांत निम्मा, म्हणजे ३.३१२५ टक्के दर आहे. फर्निचर, टीव्ही घ्यायचा असेल तर ही चौकशी जरूर करा. रेस्टॉरंटचं जेवण, दारू, सिगरेट आणि गाड्यांना ही सवलत नाही.

डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्सच नाही, म्हणून लॅपटॉपसाठी लोक क्रिस्टियाना मॉलला जातात. २,००० डॉलरला १३२.५० वाचल्यासारखे वाटतात. कायद्याने मात्र वस्तू न्यू जर्सीत वापरायला आणली की तेवढाच यूज टॅक्स (बाहेरून कर न भरता आणलेल्या वस्तूवरचा कर) लागतो आणि तो राज्याच्या वार्षिक रिटर्नमध्ये भरायचा असतो. १,००० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या वस्तूंसाठी उत्पन्नानुसार अंदाजाचा तक्ता आहे. त्याहून महाग वस्तूचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. रिटर्नमधली यूज टॅक्सची ओळ कोरी सोडणं हे कर चुकवणंच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीचा तर प्रश्नच नाही: नोंदणी जिथे, कर तिथला.

ऑनलाइन खरेदीत दर डिलिव्हरीच्या पत्त्यावरून ठरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर त्या राज्यात दुकान नसलेल्या मोठ्या विक्रेत्यांकडूनही राज्यं कर गोळा करून घेऊ शकतात.

कूपनचंही लक्षात ठेवा. दहा डॉलरच्या शाम्पूवर दुकानाने स्वतः दोन डॉलर सोडले तर कर आठवर. कूपन शाम्पू बनवणाऱ्या कंपनीचं असेल तर दुकानाला ते दोन डॉलर कंपनीकडून मिळतात, म्हणून कर पूर्ण दहावर लागतो. बिलात ही चूक आहे असं समजून काउंटरवर वाद घालू नका. करमुक्त वस्तूवर कर लावलेला दिसला, तर मात्र पावती घेऊन लगेच कस्टमर सर्व्हिसला जा आणि पैसे परत मागा.