पहिल्या पावसाचा वास

पहिला पाऊस पडला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘काय मस्त वास सुटलाय मातीचा!’ असे मेसेज पडायला लागतात. मी तेव्हा घरातल्या खिडक्या लावत असते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आमचं गाव किल्लारीजवळचं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. घर माळवदाचं: दगडाच्या जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. तो थर उन्हाळ्यात घर गार ठेवायचा. त्या पहाटे भूकंपात तोच अंगावर आला. मी ९ वर्षांची. मला काकांनी ओढून काढलं, आजीला नाही काढता आलं. मग पाऊस लागला आणि ढिगाऱ्यातली माती भिजली. त्या वासाबद्दल एवढंच लिहिते.

गेलेल्यांचा सरकारी आकडा ८ हजारांच्या घरातला. ५२ गावं नव्या जागी वसवली, आम्हालाही पक्कं घर मिळालं. आजोबा त्यात एक रात्र झोपले नाहीत. त्यांची बाज शेवटपर्यंत अंगणात, पावसात वर पत्रा टाकून. ‘म्हाताऱ्यानं धसका घेतलाय,’ लोक म्हणायचे. निदान अगदी बरोबर होतं की! धसक्यावर उपचार असतात, हे तेवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

मी शिकले, लग्न होऊन पुण्यात आले. चौथा मजला. उशाशी टॉर्च, पलंगाशेजारी चपला दाराकडे तोंड करून, दाराला आतून कडी नाही. वरच्यांनी कपाट सरकवलं की मी जिन्यात. रोज पावणेचारला जाग. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, वर ‘टेन्शन घेऊ नका’. आपला स्वभावच भित्रा, असं मी धरून चालले होते.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री लेकीच्या खोलीत डोकावले. तिच्याही चपला दाराकडे तोंड करून. भूकंप झाला तेव्हा ही पोर जन्मालाही आली नव्हती.

त्याच पहाटे १४४१६ लावला. टेलिमानस: सरकारी, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतून बोलता येतं. पलीकडच्या मुलीनं घाई केली नाही. तिनं सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीचा रस्ता दाखवला आणि तिथं पहिल्यांदा ‘पीटीएसडी’ ऐकलं. आघाताला महिना उलटून गेला तरी शरीर पहाऱ्यावरून उतरत नाही, तो हा आजार. माझा पहारा तीस वर्षांचा.

गोळी सुरू झाली, पण खरं काम झालं ते समुपदेशनात. ती पहाट पहिल्यापासून ओळीनं सांगायची, आठवड्यामागून आठवडे. मग मातीची पाळी. कुंडीतली माती वाटीत घ्यायची, चमचाभर पाणी घालायचं, भीती १०० पैकी किती ते वहीत लिहायचं, आणि ती उतरेपर्यंत उठायचं नाही. (वाचून घरी करायला जाऊ नका, मॅडम समोर बसलेल्या असायच्या.) पहिल्या दिवशी ९०. वाटीभर चिखलापुढे चाळिशीची बाई घामाघूम! सहाव्या आठवड्यात ३५.

या जूनमध्ये पाऊस आला तेव्हा गॅलरीत थांबले, पाचेक मिनिटं. वास आला. आजी आठवली, चुलीपुढं बसलेली, इरकल लुगड्यातली. तशी ती कित्येक वर्षांत आठवली नव्हती.

कडी मात्र अजून घालू देत नाही.