भिवंडी ते रावेर, भर पावसाळ्यात पावडरी घेऊन: माल सादळू नये म्हणून काय करायचं

जुलैमधे भिवंडीच्या गोडाऊनमधून जळगावला कच्चा माल आणायचा होता, न्यूट्रिशन मिक्ससाठीचा, म्हणजे व्हे प्रोटीन, इन्युलिन, अश्वगंधा एक्स्ट्रॅक्ट, कार्निटीन, कोलीन, बीटेन असला सगळा, आणि तो उतरवून पुढं रावेरकडून केळीची पावडर उचलायची होती. मेहुण्याचं जळगाव एमआयडीसीत छोटं युनिट आहे, त्याच्यासाठी. या वेळी मी मुद्दाम गाडीतच बसून गेलो, कारण माल सादळला की ट्रान्सपोर्टवाला म्हणतो गोडाऊनमधेच ओल होती, गोडाऊनवाला म्हणतो गाडीत पाणी लागलं, आणि मधल्या मधे पैसे आपले बुडतात. ओल नक्की कुठं लागते ते डोळ्यानं बघायचं होतं. बघितल्यावर माझं पक्कं मत झालंय की वरून पडणारा पाऊस हा या प्रकरणातला लहान भाग आहे, खरं नुकसान गार-गरम होण्यानं आणि घाईनं पोतं उघडण्यानं होतं.

आधी ऑर्डरबद्दल, कारण अर्धं काम तिथंच होतं. कार्निटीन नुसतं बेस, म्हणजे मूळ रूपात घेतलं तर ते हवेतलं पाणी इतकं ओढतं की पावसाळ्यात उघड्यावर बघता बघता चिकट होतं, तेच टार्ट्रेट, म्हणजे त्याचा क्षार घेतला तर खूप शांत. कोलीनचं पण तसंच, क्लोराइड हवेतल्या पाण्यात चक्क विरघळून जातं, बायटार्ट्रेट बऱ्यापैकी तग धरतं. फक्त टार्ट्रेट किंवा बायटार्ट्रेटमधे मूळ घटकाचं वजन कमी भरतं, त्यामुळं फॉर्म्युल्यात हिशोब बदलावा लागतो, तेवढं आधी बघून घ्या. क्रिएटीन मोनोहायड्रेटची एवढी काळजी नको, ते कोरडं असेल तोवर टिकतं. बीटेन अनहायड्रस आणि हर्बल एक्स्ट्रॅक्ट मात्र जपायचेच, अश्वगंधाच्या ड्रममधे ओल गेली की सुरीनं कापावी लागतील अशी ढेकळं होतात. ज्यांना खान्देशात माल आणायचाय आणि तारीख आपल्या हातात आहे त्यांनी जास्त नाजूक माल डिसेंबर ते फेब्रुवारीत भरून ठेवावा, जुलै-ऑगस्टमधे लागेल तेवढाच मागवावा.

पॅकिंगमधे नुसता कागदी बॅग आणि आत पातळ पॉलिथिन असला माल पावसाळ्यात घेऊच नका. पॉलिथिनमधून वाफ हळूहळू का होईना आत जातेच, अॅल्युमिनियम फॉइलच्या लॅमिनेटेड बॅगेतून जवळपास जात नाही. आम्ही नाजूक माल फॉइलच्या बॅगेत हीट सील करून, मग एचडीपीईच्या, म्हणजे जाड प्लॅस्टिकच्या ड्रममधे मागवला होता. बाकीच्याला डबल लाइनर, म्हणजे आतली प्लॅस्टिकची पिशवी दुहेरी. लाइनरचं तोंड नुसतं गुंडाळून खाली दाबतात ते चालत नाही, हवा काढून, पीळ घालून, पिळलेला भाग परत खाली वाकवून त्यावर केबल टाय आवळायचा. सिलिका जेलची पुडी दोन लाइनरच्या मधे ठेवायला सांगा, पावडरीत टाकलेली पुडी फुटली तर सगळा लॉट गेला. आणि निळी सिलिका नको, तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, खाण्याच्या मालाजवळ ती कशाला, केशरी मिळते ती घ्या.

भिवंडीत गाडी भरताना मी तिथंच उभा होतो. हमाल पोती ओढायला लोखंडी हूक वापरतात, सवयच असते त्यांना, आणि त्या हुकाचं टोक कागदातून आत जाऊन लाइनरला जे टाचणीएवढं भोक पाडतं ते बाहेरून दिसतसुद्धा नाही. एका व्हेच्या पोत्यावर मला असा व्रण दिसला म्हणून बाजूला घेऊन बोट लावलं तर बोटाला बारीक पावडर लागली, म्हणजे आरपार. ते पोतं तिथंच बदलून घेतलं. मुकादमाला सांगितलं, दादा, हूक न लावता उचला, हमालीत थोडे जास्त देतो, आणि त्यांनी पण नीट ऐकलं, शेवटपर्यंत हातानंच भरलं. हे पैसे वाचवायला जाऊ नका.

गाडी ताडपत्रीची नको, बंद बॉडीचीच घ्या. आणि भरायच्या आधी आत जाऊन दोन्ही दारं बाहेरून लावायला सांगायची आणि अंधारात छताकडं, कोपऱ्यांकडं बघायचं, कुठून उजेडाची तिरीप आली तर तिथून पाणी येणारच. आमच्या गाडीत मागच्या दाराच्या रबराला फट होती, ती ड्रायव्हरकडून सिलिकॉन लावून बुजवून घेतली. तळ पण हात लावून बघा. नाशिककडून कांदा आणलेल्या गाड्या असतात, त्यांची फळी आतून ओली असते आणि वास तर असतोच, व्हे पावडर वास लगेच धरते.

लाकडी पॅलेटबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण इकडं कुणी लक्षच देत नाही. तीस अंशाला हवेत, ती अगदी पाण्यानं भरलेली असली तरी, एका घनमीटरमधे तीसेक ग्रॅम पाणी मावतं. वीस फुटी कंटेनर साधारण तेहतीस घनमीटरचा, म्हणजे आतल्या अख्ख्या हवेत मिळून किलोभरच पाणी. पण पावसात ठेवलेल्या वीस किलोच्या एका लाकडी पॅलेटमधे तीन-चार किलो पाणी सहज असतं, आणि गाडीत असे आठ-दहा पॅलेट! दिवसा पत्रा तापला की ते पाणी लाकडातून निघतं आणि रात्री छत गार झालं की छताला लागून थेंब थेंब मालावर पडतं. म्हणजे बाहेर पाऊस नसला तरी आत पडतो. म्हणून प्लॅस्टिकचे पॅलेट, आणि वर मालावर कोरड्या पुठ्ठ्याचा थर, आणि भिंतीला कॅल्शियम क्लोराइडच्या लटकवायच्या पट्ट्या, त्यातही पाण्याचं जेल होणाऱ्या घ्या, नुसतं पाणी साठवणारी पिशवी खड्ड्यात फुटली तर मिठाचं पाणी मालावर.

आता रस्ता. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापासून सुरू आहे त्यामुळं इगतपुरीपर्यंत कसारा घाट टाळता येतो, पण आमचा ड्रायव्हर जुन्या रस्त्यानंच आला. घाटात धुकं, पाऊस, गाड्यांची रांग, आणि रात्री तो घोटीच्या पुढं झोपायला थांबला. मी आत मालाबरोबर तापमान-आर्द्रतेचा छोटा लॉगर ठेवला होता (हा घ्याच, एका ड्रमच्या किमतीपुढं काहीच नाही). नंतर त्याचा आलेख बघितला तर भिवंडीत भरताना तीस अंश, रात्री घाटमाथ्यावर बावीसच्या आसपास, आणि तापमान जसं उतरलं तशी आतली आर्द्रता चढत चढत नव्वदीच्या पुढं गेलेली. गाडीत बाहेरून एक थेंब आला नव्हता. त्यामुळं ड्रायव्हरला सांगून ठेवा की मुक्काम करायचाच तर घाट ओलांडून खाली चांदवड-मालेगावकडं कर, इगतपुरी-घोटीच्या धुक्यात नको.

सकाळी राहुड घाट, मालेगाव, मग लळिंगचा किल्ला दिसला आणि ऊन लागलं. धुळ्याला शेवभाजी खाल्ली, बाहेर बत्तीस अंश आणि घामाची चिकचिक. पुढं पारोळा, एरंडोल, पाळधी, रस्ता चांगला आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ई-वे बिलाचं, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं मात्र लक्षात ठेवा, दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, घाटात अडकलात आणि मुदत संपत आली तर संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवता येतं.

जळगावला पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं, हमाल म्हणाले, भो, पानी येतंय बरं, पटपट उतरवू द्या, आणि मेहुणा पण लगेच ड्रम उघडून सॅम्पल काढायला निघाला. उतरवायला हरकत नाही पण उघडायचं नाही! रात्रभर गार झालेला माल आतून अजून गारच असतो, वरचा पत्रा तापला तरी पंचवीस किलोचा ड्रम लवकर तापत नाही, आणि अशा गार पावडरीला जळगावची दमट हवा लागली की थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसाच घाम तिला येतो. एका दिवसाचा विसावा द्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच सील तोडा. एसी खोलीतून माल बाहेर काढताना पण हाच नियम. तोवर प्रत्येक ड्रम काट्यावर घ्या आणि भिवंडीत भरताना लिहिलेल्या वजनाशी ताडून बघा, वाढलेलं वजन म्हणजे पाणीच. आमच्या एका इन्युलिनच्या पोत्याचं वजन साठेक ग्रॅम वाढलं होतं, ते वेगळं ठेवलं, दुसऱ्या दिवशी उघडल्यावर तोंडाजवळ केबल टाय ढिला होता आणि वरचा थर बोटानं दाबला तर परत मोकळा न होता तसाच बसला. तेवढा थर काढून बाकीच्याची ओल तपासून मगच वापरायला घेतला.

साठवणुकीत खान्देशचा स्वतःचा एक धोका आहे तो म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गोडाऊनचे पत्रे तापतात, आणि लोक पावडरींच्या खोलीत सरळ वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावतात. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच, म्हणजे वर्षातला सगळ्यात कोरडा महिना आपण स्वतः दमट करतो. त्याच्याऐवजी छताला पांढरा रंग, खाली फॉल्स सीलिंग, आणि परवडेल तर एक लहान खोली पक्की बंद करून एसी आणि डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र). नुसत्या एसीवर विसंबू नका, खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद पडतो आणि आर्द्रता परत वर येते. पंचवीस अंशाच्या खाली आणि पन्नास टक्क्यांच्या आत राहिलं की बऱ्याच पावडरी नीट राहतात. लाइट गेली तर दार उघडायचं नाही, हे कामगारांना परत परत सांगावं लागतं. फरशीवर सडा, भिंतीला टेकवलेली पोती, हे पण बंद.

भुसावळ, फैजपूर, सावदा करत रावेरला गेलो. केळीच्या पावडरीत दोन प्रकार, कच्च्या केळीचं पीठ बहुतेक स्टार्च असतं, ते सांभाळायला सोपं. पिकलेल्या केळीची पावडर म्हणजे साखर, ती ओल लागताच चिकटते आणि गोळा होते, म्हणून बरेच जण त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) घालून सुकवतात, लेबलवर किती आहे ते विचारून घ्या. तिथं एकानं प्रेमानं सल्ला दिला की आमच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमधे ठेवून जा ना पावडर, जागा आहे. नाही म्हटलं. केळीला तेरा-चौदा अंश आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, फळ सुकू नये म्हणून ती मुद्दाम राखतात. पावडरीला नेमकं उलटं हवं. गार म्हणजे कोरडं असं धरून तिथं माल ठेवणारे खूप आहेत, त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

येताना पावडरीचे ड्रम आम्ही दुपारी ऊन असताना भरले, सकाळी केळीच्या बागांतून येणारी हवा फार ओली असते. तुम्ही सावदा-रावेरकडून उचलणार असाल तर युनिटवाल्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की माल भरून, सील करून तयार ठेवा पण गाडी अकरानंतरच येईल.