बाई, कशावरून?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत शिक्षकांवर लिहायला बसलं की छडी, मधल्या सुट्टीतला डबा आणि ‘तो पिंपळ’ हे तिन्ही आपोआप येतात. ज्यांच्याविषयी लिहितोय त्या बाईंनी असा परिच्छेद तपासला असता, तर समासात लाल शाईने एकच शब्द आला असता, ‘कशावरून?’ म्हणून ते सगळं वगळतो. बाईंचं नावही घालत नाही. फोनवर परवानगी मागितली तेव्हा म्हणाल्या, “नाव नको रे. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. आणि कौतुक आवर.”

आठवी ते दहावी त्या आम्हाला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायच्या. ठाण्यातल्या मुलांना एक गोष्ट जन्मतःच पाठ असते: देशातली पहिली प्रवासी गाडी आपल्या गावी आली, १६ एप्रिल १८५३. वर्गात कुणीतरी हे अभिमानाने सांगितलं आणि बाईंनी विचारलं, “कशावरून?” पुस्तकात आहे, असं उत्तर आलं. “पुस्तक लिहिणारा त्या गाडीत होता का?” मग तो तास तिथेच गेला. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, बोरीबंदरहून दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटलेली गाडी, ३४ किलोमीटरची वाट. हे सगळं आपल्याला कळतं, कारण त्या काळी वर्तमानपत्रं होती आणि रेल्वे कंपनीला हिशेब ठेवावे लागत. “आता मला सांगा,” बाई म्हणाल्या, “गाडी बघायला रुळांच्या कडेला किती माणसं उभी होती? पाहुण्यांचा आकडा आहे, मग बघ्यांचा का नाही?” इतकी वर्षं झाली, मी अजून हा प्रश्न माझ्या वर्गात विचारतो. उत्तरं दरवर्षी नवी येतात. एका मुलीने सांगितलं होतं, “सर, त्यांना तिकीट नव्हतं ना, मग मोजणार कोण?”

बाईंची खरी आवड शिलाहार, म्हणजे एकेकाळी ठाण्याच्या परिसरावर राज्य करणारं घराणं. सहल म्हटलं की इतर वर्ग एस्सेल वर्ल्डची स्वप्नं बघायचे, आणि आम्ही ठाण्याच्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर उन्हात उभे. आत जायची सोय नव्हतीच. पण बाहेर उभं राहूनच त्यांनी ती भिंत वाचायला शिकवली. हा तुरुंग म्हणजे मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तो १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाच्या खटल्यात शिक्षा झालेले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. आणि डेंगळे-कान्हेऱ्यांच्या आधी, १७८७ मध्ये, किल्ल्याजवळ पायासाठी खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे. त्यातला मजकूर पुढच्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात इंग्रजीत छापून आला. हे सांगताना बाईंचा आवाज बदलायचा. म्हणजे आपल्या गावातून निघालेला तो तांब्याचा पत्रा या देशातल्या पुराभिलेख-अभ्यासाच्या अगदी सुरुवातीच्या पानांवर आहे! तुरुंगाच्या दारावरचा शिपाई आमच्याकडे संशयाने बघत होता, हे वेगळं.

शकाचा इसवी सन करायला त्यांनी तिथेच शिकवलं. ७८ मिळवा: ९३९ चे १०१७. सोपं आहे असं वाटत असतानाच त्यांनी परळचा शिलालेख काढला. शिलाहार राजा अपरादित्याचा, शके ११०८. बेरीज ११८६ येते, पण तज्ज्ञ लिहितात ११८७. आमच्यातल्या गणितवाल्याने तज्ज्ञच चुकले असं जाहीर केलं. बाईंनी त्याला चूक म्हटलं नाही. चैत्र ते फाल्गुन असे महिने फळ्यावर लिहायला लावले आणि मध्ये १ जानेवारी कुठे पडतो ते दाखवायला सांगितलं. पुढचं त्याचं त्यालाच दिसलं. शकाच्या शेवटच्या महिन्यांतला लेख असेल तर ७९ मिळवायचे. सनावळ्या पाठ करणं म्हणजे घोकंपट्टी असं जे आता सर्रास म्हटलं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. सन घोकायचा नसतो हे खरं, पण तो कसा ठरला हे कळलं की तो विसरताही येत नाही.

याच परळच्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि ते दान मोडणाऱ्याला दिलेला शाप मराठीत. शाप काय आहे ते मुलांसमोर वाचण्यासारखं नाही. गधेगाळीवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडावर, जे चित्र कोरतात, तेच शब्दांत. इथे बहुतेक शिक्षक पान उलटतात. बाईंनी शांतपणे सांगितलं की शिवी आहे, आईवरची आहे, आणि आईवरची का असावी याचा घरी जाऊन विचार करा. मग विचारलं, “दान संस्कृतात आणि धमकी मराठीत, असं का केलं असेल?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “ज्याला द्यायची त्याला कळायला हवी ना, बाई!” सबंध वर्षात त्या मुलाने दिलेलं ते एकच उत्तर असावं. बाईंनी त्याचं नाव घेऊन ‘शाब्बास’ म्हटलं.

पण माझं आयुष्य ज्या दिवसांनी वळवलं ते तुरुंगाचेही नव्हेत, शिलाहारांचेही नव्हेत. ते शाळेच्या जनरल रजिस्टरचे. नववीत असताना बाईंनी मुख्याध्यापकांकडून जुनी रजिस्टरं मागून आणली. नावाच्या आणि जातीच्या रकान्यांवर खाकी कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि उरलेले रकाने आमच्यापुढे ठेवले: जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण. आम्ही नुसत्या नोंदी मोजत बसलो. सुरुवातीच्या पानांवर ठाणे, कळवा, माजिवडे. साठीच्या दशकात पानं भरभर बदलतात: सातारा, रत्नागिरी, जळगाव, सांगली. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत आपली वागळे इस्टेट, हे आम्ही नागरिकशास्त्रात वाचलेलं होतं. इथे ते मुलांच्या जन्मगावांतून दिसत होतं. एका ओळीत जन्मस्थळ कराची. मराठी शाळेत कराचीचा मुलगा कसा? बाईंनी एवढंच सांगितलं की सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि तिथे नोकरीधंद्यानिमित्त गेलेली मराठी कुटुंबं पुष्कळ होती. फाळणीचा धडा तोवर आमच्यासाठी दिल्ली-लाहोरचा होता. त्या दिवशी तो तीन हात नाक्यापर्यंत आला.

१९८२ नंतरच्या पानांवर ‘गावी गेल्यामुळे’ हे कारण पुन्हा पुन्हा दिसलं. मी ताडकन म्हणालो, “गिरणी संप!” संप १८ जानेवारी १९८२ चा, आमच्या चाळीतली दोन बिऱ्हाडं त्यातच उठली होती. बाई म्हणाल्या, “शंका चांगली आहे. पण शंकाच आहे. संपाच्या आधीच्या पाच वर्षांत किती जण गावी गेले ते मोजलंस का?” मोजायला बसलो. त्या संध्याकाळी शाळा सुटल्याची घंटा ऐकूच आली नाही.

मी पुढे इतिहासातच एम.ए. केलं आणि नवी मुंबईत एका शाळेत लागलो. माझ्या वर्गात प्रकल्पग्रस्तांची नातवंडं आहेत. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. मुलांना मी आजी-आजोबांना विचारून यायला सांगतो: घरासमोर काय होतं? भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी, सगळं येतं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ चं आंदोलनही येतं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं, ज्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पाठ्यपुस्तकात न शोधताही मिळणारा हा इतिहास काही घरांत भिंतीवरच्या फोटोत आहे.

यावरून बाईंचं नि माझं अजून भांडण चालतं. रविवारी सकाळी फोन होतो, त्यांचा चहा संपेपर्यंत. त्यांचं म्हणणं, आजोबांची आठवण ही सुरुवात, पुरावा नव्हे. त्या वेळची वर्तमानपत्रं काढून ताडून बघायला मुलांना मराठी ग्रंथसंग्रहालयात पाठव. (१८९३ पासून ठाण्यात चालू असलेलं ग्रंथसंग्रहालय त्यांच्या मते शाळेचाच दुसरा मजला आहे.) माझं म्हणणं, ज्यांची जमीन गेली त्यांचा बघ्यांसारखाच आकडा कुणी ठेवला नाही, तर त्यांचं बोलणं आधी जसंच्या तसं उतरवून घेऊ, ताडून बघायला आयुष्य पडलंय. “आणि आज्यांना विचारलं का? की फक्त आजोबांना?” हा त्यांचा हुकमी वार असतो. आता मी आधी आज्यांनाच विचारायला सांगतो, तेव्हा त्यांनी दुसरा शोधलाय: कुठल्या आजीने काय सांगितलं नाही?

या एका बाबतीत बाई जरा जास्तच कडक आहेत, असं माझं मत आहे. ते छापायलाही त्यांची हरकत नाही.

शेवटी शाळेकडे एक मागणं. महोत्सवासाठी दप्तराच्या खोलीची साफसफाई निघालीय असं ऐकतो. जनरल रजिस्टरं आणि जुने हजेरीपट रद्दीत जाऊ देऊ नका. लॅमिनेशनही करू नका, त्याने जुना कागद वाचत नाही, उलट खराब होतो. कोरड्या कपाटात आडवे ठेवा आणि एकदा नीट फोटो काढून घ्या. प्रदर्शनासाठी जे माजी विद्यार्थी घरचे वर्गाचे फोटो आणणार आहेत, त्यांनी प्रत्येकाच्या मागे नावं, इयत्ता आणि वर्ष लिहून आणावं. पेन्सिलने, बॉलपेनने नको. वर्ष नक्की आठवत नसेल तर ‘बहुधा’ असं लिहावं. उद्घाटनाला बाई येणार आहेत.